चिकाचा चेंडू : गोल्फ, तारायंत्र आणि कपिलेच्या वरच्या अंगाचं एक झाड

आजचा विषय खेळांच्या साधनांचा आहे, आणि त्यातही असं साधन की जे आपल्यापैकी फारच थोड्यांनी हातात धरलं असेल. गोल्फचा चेंडू. वजन पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅम, अंगभर बारीक खळगे, आणि किंमत अशी की हरवला तर माणूस झुडपात शिरून शोधतो.

आता तुम्ही म्हणाल, गोल्फचं आणि मराठी श्रोत्यांचं नातं काय? नातं आहे, आणि ते चिकूतून जातं. हे भाषण मी नंजनगूडमधून करतो आहे, म्हैसूरच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर, कपिलेच्या काठावर. त्यालाही कारण आहे. या नदीच्या वरच्या अंगाला जे रान आहे, तिथलं एक झाड एकेकाळी गोल्फच्या चेंडूच्या द्रव्याचा पर्याय होईल का, याची सरकारी पातळीवर तपासणी झाली होती. ते झाड नापास झालं. त्या नापासाची गोष्ट मला सांगायची आहे. पण त्याआधी पास झालेल्याची सांगायला हवी.

सुरुवात स्कॉटलंडपासून करू. सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचं गाव म्हणजे गोल्फची पंढरी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे जो चेंडू वापरत, त्याला 'फेदरी' म्हणत. चामड्याचे तुकडे शिवून पिशवी करायची, उलटी करायची, लहानसं भोक ठेवायचं आणि त्यातून उकळलेली पिसं ठासून भरायची. किती पिसं? एक उंच टोपी काठोकाठ भरेल इतकी! आधी लाकडी दांड्याने, मग छातीचा जोर लावून लोखंडी सळईने. चामडं ओलं, पिसंही ओली. वाळताना चामडं आकसतं, पिसं फुगतात, आणि चेंडू दगडासारखा टणक होतो. कल्पना सुंदर आहे. पण एक कारागीर दिवसभरात असे तीन-चारच चेंडू करू शके. पिसांची धूळ छातीत जाई ती वेगळीच.

सेंट अँड्र्यूजचे ॲलन रॉबर्टसन हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले खेळाडू, आणि चेंडूंचा कारखानाही त्यांचाच. १८४४ साली त्यांच्या कारखान्यात २४५६ चेंडू तयार झाल्याची नोंद आहे. म्हणजे सगळ्या वर्षाचे मिळून अडीच हजारसुद्धा नाहीत. साहजिकच एक चेंडू बऱ्याचदा खेळायच्या काठीपेक्षा महाग पडे. त्यातून तो पावसात भिजला की जड व्हायचा, शिवणीत उसवायचा. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ का राहिला, याचं एक कारण हा चेंडूच होता. कलकत्त्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब निघाले, तेव्हा साहेबांच्या हातात हेच पिसांचे चेंडू होते. मुंबईच्या दमट हवेत त्यांचं काय होत असेल, याचा अंदाज आपण घरबसल्या करू शकतो.

आता दुसरीकडे जाऊ. सिंगापूर. तिथल्या मलाय लाकूडतोड्यांच्या कोयत्यांना एका वेगळ्याच पदार्थाची मूठ असे. उकळत्या पाण्यात बुडवली की ती मऊ होई, हवा तो आकार घेई, आणि थंड झाली की पुन्हा कडक. हा एका रानझाडाचा साकळलेला चीक होता. मलाय भाषेत चिकाला 'गेताह' म्हणतात, त्यावरून इंग्रजीत नाव पडलं गुट्टापर्चा. कंपनी सरकारचे शल्यवैद्य विल्यम माँटगोमरी यांनी ती मूठ पाहिली आणि १८४२-४३ च्या सुमारास त्या चिकाचे नमुने कलकत्त्याला आणि लंडनला धाडले. जोसे द आल्मेदा या दुसऱ्या एका वैद्यानेही त्याच सुमारास नमुने लंडनला नेले. पुढे पदक माँटगोमरींना मिळालं. ज्या लाकूडतोड्याच्या हातात ती मूठ होती, त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

इथे थोडं रसायन सांगतो. रबर आणि गुट्टापर्चा या दोघांचे रेणू एकाच मण्यांच्या माळा आहेत. फरक फक्त मणी ओवण्याच्या पद्धतीचा. रबराची माळ वळणावळणाची, म्हणून ती ताणते आणि परत येते. गुट्टापर्चाची माळ सरळ, त्यामुळे माळा एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात आणि पदार्थ कडक बनतो. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तो मऊ पडतो. हा पदार्थ परका वाटतो का? मग ऐका. तुमच्यापैकी ज्यांचं रूट कॅनल झालं आहे, त्यांच्या दातात तो आत्ता बसलेला आहे. दाताच्या मुळातली पोकळी भरायला दंतवैद्य आजही गुट्टापर्चाच वापरतात. लाल दंतमंजनासाठी कर्नाटकभर नाव असलेल्या नंजनगूडमध्ये बसून हे सांगताना मला गंमत वाटते.

आणि कूळ पाहाल तर ओळखीचंच. चिकू, मोह, बकुळ, खिरणी ही सगळी एकाच वनस्पतिकुळातली भावंडं. कच्चा चिकू खाल्ला तर ओठ चिकटतात ना? तोच चीक. गुट्टापर्चाचं झाड त्याच कुळातलं आहे. म्हणजे घोलवडच्या वाडीतल्या चिकूचं मलायातलं चुलत भावंडच म्हणा.

आता हा चीक गोल्फपर्यंत कसा पोहोचला? त्याची एक कथा फार सांगितली जाते. १८४३ च्या सुमारास सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. कुणी म्हणतं भारतातून, कुणी म्हणतं सिंगापूरहून. मूर्ती फुटू नये म्हणून खोक्यात गुट्टापर्चाचे तुकडे भरलेले होते. घरच्यांनी आधी त्यांचे बुटांना तळवे लावले. मग रॉबर्ट पॅटरसन या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने १८४५ मध्ये ते तुकडे तापवून, हातावर वळून चेंडू केला आणि पहाटे मैदानावर नेऊन मारून पाहिला. तो लवकरच फुटला.

ही कथा छापून आली ती बऱ्याच वर्षांनी, आणि अशा कथांना वयाबरोबर दागिने चढतात. विष्णूने गोल्फचा चेंडू दिला, हे ऐकायला छान आहे, म्हणून मी ते सांगितलं. पण माझ्या मते खरा इतिहास पुढे आहे. १८४८ च्या सुमारास हे चिकाचे चेंडू बाजारात आले, त्यांना 'गटी' म्हणू लागले, आणि ते अगदी वाईट उडत! गुळगुळीत, गोल, दिसायला देखणे, पण थोडं अंतर गेले की कोसळत. लोक वैतागले. मग एक गोष्ट खेळणाऱ्यांच्या लक्षात आली. नव्या चेंडूपेक्षा खेळून खेळून खरचटलेला, ओरखडे पडलेला जुना चेंडू जास्त लांब जातो. हे पहिल्यांदा कुणाला जाणवलं? चेंडू वाहणाऱ्या पोऱ्यांना? एखाद्या खेळाडूला? सांगता येत नाही. बहुधा बऱ्याच जणांना थोडंथोडं जाणवलं असावं. मग कारागीर नवा चेंडूच हातोडीच्या धारेने ठोकून त्यावर रेघा पाडू लागले. पुढे ते काम साच्यांनी केलं.

याचं शास्त्र नंतर उमगलं. गुळगुळीत चेंडूच्या अंगावरून हवा लवकर सुटते आणि मागे पोकळीसारखा मोठा पट्टा राहतो, तो चेंडूला मागे खेचतो. अंग खडबडीत असलं की हवेचा थर जरा खळबळतो आणि चेंडूला अधिक वेळ धरून राहतो. मागची ओढ कमी होते. एडिंबराचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणावर काम केलं आणि उलटी फिरकी चेंडूला वर उचलून धरते, हे दाखवलं. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा स्वतः अव्वल खेळाडू होता. आणि १९०५ साली लेस्टरच्या विल्यम टेलर या अभियंत्याने चेंडूवर खळगे पाडण्याचं पेटंट घेतलं. आजचा खळग्यांचा चेंडू तो हाच. म्हणजे क्रम पाहा. आधी ओरखडा, मग हातोडी, मग साचा, मग गणित, आणि शेवटी पेटंट. आपण मात्र इतिहास उलट्या टोकाने वाचतो आणि पेटंटवाल्याला जनक म्हणून मोकळे होतो.

गटीने आणखी काय केलं? एक तर ती स्वस्त होती. फुटली तर तुकडे गोळा करून, तापवून पुन्हा चेंडू वळता येई. थंडीत ती इतकी फुटे की नियमच करावा लागला : सर्वांत मोठा तुकडा जिथे पडला असेल, तिथे नवा चेंडू ठेवून खेळावं. स्वस्ताईमुळे साधी माणसं खेळात आली. पण पिसांचे चेंडू शिवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. रॉबर्टसन यांनी गटीचा इतका राग धरला की ते गटी विकत घेऊन जाळत, असं सांगतात. त्यांच्या हाताखाली शिकलेले टॉम मॉरिस एकदा गटीने खेळताना दिसले, त्यावरून दोघांत बिनसलं आणि मॉरिस १८५१ साली प्रेस्टविकला निघून गेले. शेवटी रॉबर्टसनही वळले. १८५८ मध्ये त्यांनी सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ७९ फटक्यांत फेरी पूर्ण केली. तोवर कुणालाही ८० च्या आत येता आलं नव्हतं.

हे १८५८ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिकच्या तळातून पहिली तार टाकली गेली आणि काही आठवडे चालून बंद पडली. समुद्रातल्या तारेवर पाणी आत न येऊ देणारं आवरण हवं, आणि त्या काळी त्यासाठी जगात एकच पदार्थ उत्तम होता : गुट्टापर्चा. चेंडूला तो चिमूटभर लागायचा, तारांना मैलोन्मैल. पुढे १८७० मध्ये मुंबईही समुद्रतारेने इंग्लंडशी जोडली गेली. तेव्हा मलायातली राने तोडण्याचा मुख्य दोष चेंडूकडे जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण चेंडू आणि तार एकाच झाडावर जगत होते. आणि त्या झाडाचा चीक रबरासारखा खाचा पाडून भराभर गळत नाही. म्हणून लाकूडतोडे झाड आडवं करत, सालीवर ठिकठिकाणी कडी कोरत आणि जो थोडा चीक मिळेल तो घेऊन पुढच्या झाडाकडे जात. सिंगापूर बेटावरची ही झाडं काही वर्षांतच संपली.

आता आपण आपल्या मुलखाकडे येतो, आणि इथे एक विलक्षण माणूस भेटतो. ह्यू क्लेगहॉर्न. जन्म १८२० चा, मद्रासचा. बालपण स्कॉटलंडमध्ये, स्ट्रॅविथी इथल्या आजोबांच्या घरी. हे स्ट्रॅविथी कुठे, तर सेंट अँड्र्यूजपासून अवघ्या काही किलोमीटरवर. शिक्षणाचा काही काळही सेंट अँड्र्यूजमध्येच. वैद्यक शिकून १८४२ मध्ये ते कंपनीच्या नोकरीत मद्रासला आले आणि नंतर म्हैसूर संस्थानात, शिमोग्याकडे नेमले गेले. रोगी तपासता तपासता त्यांचं लक्ष झाडांकडे वळलं. उष्ण प्रदेशातली जंगलं कशी नष्ट होत आहेत, यावर १८५१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनपुढे एक अहवाल सादर झाला. १८५६ मध्ये ते मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झाले.

आणि १८५८ मध्ये, रॉबर्टसनच्या ७९ च्या वर्षी, अटलांटिक तारेच्या वर्षी, क्लेगहॉर्न यांनी एक टिपण लिहिलं. विषय : पश्चिम किनाऱ्यावरचा 'पाचोंटी' अर्थात हिंदी गुट्टावृक्ष. त्रावणकोरचे रेसिडेंट जनरल विल्यम कलन यांनी या झाडाकडे लक्ष वेधलं होतं. मल्याळीत त्याला पाली म्हणतात, कन्नडमध्ये हडसले. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या सदाहरित रानात ते उंच वाढतं, वायनाडच्या डोंगरांतही. नंजनगूडला ज्या नदीला आपण कपिला म्हणतो, ती काबिनी याच वायनाडातून उतरते. म्हैसूरहून वायनाडला आणि उटीला जाणारा रस्ताही नंजनगूडवरूनच जातो.

सरकारला काय हवं होतं, ते उघड आहे. सिंगापूरची झाडं संपत चालली आहेत, तारा टाकायच्या आहेत, तर आपल्याच राज्यात दुसरा गुट्टापर्चा मिळतो का? पालीचा चीक काढून पाहिला. पांढरा, दुधासारखा, आशा वाटावी असा. पण गरम केला की तो नुसता चिकट होई, आणि थंड झाला की ठिसूळ. आकार धरून ठेवण्याचा जो गुण मलायी चिकात होता, तो यात नव्हता. राळच फार. पक्षी पकडायच्या चिकट्यासारखे किरकोळ उपयोग सुचवले गेले. तार नाही, चेंडू नाही. पाली नापास.

मला हा नापास शेरा फार मोलाचा वाटतो. समजा तो चीक चांगला निघाला असता, तर काय झालं असतं याचं उत्तर सिंगापूरने देऊन ठेवलं होतं. वनसंरक्षक कितीही कळवळ्याचा असला, तरी समुद्रतारेच्या मागणीपुढे त्याचं किती चाललं असतं? अर्थात, वायनाडचं रान म्हणून शाबूत राहिलं असं मी म्हणणार नाही. कॉफी आणि चहाच्या मळ्यांनी ते खूप कापलं, आणि पुढे प्लायवुडसाठी पालीचं लाकूडही तोडलं गेलं. पण चिकापायी होणारी ती एक झपाट्याची कत्तल टळली. आज वनशास्त्रज्ञ सह्याद्रीच्या एका समृद्ध रानप्रकाराला तीन झाडांच्या नावाने ओळखतात : कुलेनिया, नागचाफा आणि पाली. यातलं कुलेनिया हे नाव त्याच जनरल कलनवरून पडलेलं आहे. साहेबाच्या नावाचं झाड आणि साहेबाने ज्याची परीक्षा करवली ते झाड, दोघं रानात शेजारी उभी आहेत. पालीची फळं सिंहपुच्छ माकडं खातात. अशाच रानांच्या छायेत मुरलेलं पाणी खाली नंजनगूडच्या घाटाला लागतं.

गटीचं पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, रबराच्या कारखान्यात, १८९८ मध्ये कोबर्न हॅस्केल आणि बर्ट्रम वर्क यांनी ताणलेला रबरी दोरा गुंडाळून चेंडू केला. पेटंट १८९९ चं. १९०२ मध्ये सँडी हर्ड यांनी या चेंडूने ब्रिटिश ओपन जिंकली आणि गटीचे दिवस भरले. पण बाहेरचं आवरण सुरुवातीला गुट्टापर्चाचंच होतं, आणि नंतर आलं ते दक्षिण अमेरिकेतल्या बलाटा झाडाच्या चिकाचं. बलाटा तर चिकूच्याच प्रजातीतला, अगदी सख्खा! म्हणजे दोरा रबराचा झाला तरी अंगरखा चिकूच्या घराण्याचाच राहिला. तो अनेक दशकं टिकला.

ही रीत फक्त गोल्फची आहे का? नाही. बर्फावरच्या स्कीचं पाहा. नॉर्वेत ती पाइन, बर्च, ॲश अशा घरच्या लाकडांची होत असे. मग अमेरिकेतलं हिकरीचं चिवट लाकूड आलं आणि स्की बदलली. याच हिकरीने गोल्फच्या काठीचा दांडाही बदलला. दोन वेगळे खेळ, झाड एक. पुढे १९४७ च्या सुमारास हॉवर्ड हेड या विमान कारखान्यातल्या अभियंत्याने विमानाचं ॲल्युमिनियम घेऊन स्की करायला घेतली. पहिल्या जोड्या एकामागून एक मोडल्या. त्याने त्या शिकवणाऱ्यांच्या हाती देऊन मुद्दाम मोडवून घेतल्या, कुठे मोडतात ते पाहिलं, आणि १९५० च्या सुमारास टिकणारी स्की काढली. गोल्फमध्ये कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंते. स्वतःला चेंडू नीट ढकलता येईना, म्हणून १९५९ मध्ये त्यांनी आपल्या घरीच नवी काठी घडवली. तिचा टणत्कार ऐकून नाव ठेवलं 'पिंग'.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. नवं साधन बहुतेक वेळा खेळाच्या बाहेरून आलेल्या द्रव्यातून जन्मतं : कोयत्याची मूठ, विमानाचा पत्रा, डोंगरातलं लाकूड. पण त्याला खरा आकार येतो तो मैदानावर, फुटलेल्या आणि खरचटलेल्या नगांकडे कुणी लक्ष देऊन पाहिलं तर. आज कर्नाटकात, महाराष्ट्रात कितीतरी मुलंमुली कार्बन तंतूच्या बॅटी, सायकली, कृत्रिम पाय घडवत आहेत. त्यांच्यासाठी गटीचा धडा उपयोगाचा आहे. मोडलेला नमुना फेकू नका. आणि ज्या माणसाच्या हातात तुम्ही ते द्रव्य पहिल्यांदा पाहिलंत, त्याचं नाव विचारून लिहून ठेवा. मलायातल्या त्या लाकूडतोड्याचं नाव विचारायला कुणाला पाच मिनिटंही लागली नसती.

क्लेगहॉर्न १८९५ मध्ये स्ट्रॅविथीलाच वारले. त्यांच्या गावाशेजारच्या मैदानावर तेव्हा गटीच उडत होती. पालीच्या नावावर आजही खेळाचं एकही साधन नाही. पेटंट नाही, पदक नाही. झाडाच्या दृष्टीने पाहिलं तर याहून चांगला निकाल कोणता असेल?

पुढच्या भागात आपण पुण्याला जाऊ आणि बॅडमिंटनच्या फुलाची हकीकत पाहू. तोवर नमस्कार.